घाटात रिक्षा उलटते, बाईक घसरते, स्कूटरचा ब्रेक तापतो. एकाच वळणावर गाड्या वेगवेगळ्या का वागतात?

पावसाळ्यातला रविवार. संभाजीनगरहून दौलताबाद, खुलताबाद करत म्हैसमाळला जाणारा रस्ता गाड्यांनी भरलेला असतो. बाईकवर डबलसीट पोरं, स्कूटरवर नवरा-बायको आणि मधे लेकरू, रिक्षात सहा-सात जण कोंबलेले, मागून हॉर्न मारत येणारी कार. रस्ता तोच, वळण तेच, वेगही साधारण सारखाच. तरी बाईकवाला आरामात निघून जातो, त्याच वळणावर रिक्षाचं आतलं चाक हलकं होतं, आणि कारमधल्यांना वळण आलं हे फोनवरून मान वर केल्यावर कळतं.

यात ड्रायव्हरच्या कौशल्याचा भाग आहेच. पण त्याहून मोठा भाग गाडीच्या घडणीचा आहे. तिला चाकं किती, ती कुठे बसवलेली, वजन किती उंचावर, आणि वळताना ती कलते की उभीच राहते, यावर घाटातलं वागणं ठरतं. संभाजीनगरात तर हा विषय घरचाच म्हणायला हवा. ज्या गाड्या या घाटांत दिसतात, त्यातल्या बऱ्याचशा याच शहराच्या कुशीत तयार झालेल्या असतात.

शहराच्या एका टोकाला रिक्षा, दुसऱ्या टोकाला कार

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 साली सुरू झाला. उद्घाटनाला तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग आले होते. तेव्हापासून इथून बाईक आणि तीनचाकी रिक्षा बाहेर पडतायत, देशात आणि परदेशातही. त्याच वर्षी शहरात एन्ड्युरन्स ही कंपनी सुरू झाली. ती आज दुचाकी-तीनचाकींचे शॉकअप, पुढचे फोर्क, डिस्क ब्रेक, क्लच असे भाग बनवते. म्हणजे गाडी खड्ड्यात कशी आपटेल आणि वळणावर कशी बसेल, हे ठरवणारे भाग. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जालना रोडवर शेंद्र्यात, 2001 पासून स्कोडाच्या कार जोडल्या जातात.

आणि चाचणी घ्यायला घाटही लांब नाहीत. खुलताबादकडे जाताना दौलताबादचा घाट, पुढे वेरूळचा उतार. फुलंब्रीकडे जाताना चौक्याचा घाट. अजिंठा लेण्यांकडे उतरताना फर्दापूरच्या आधीचा घाट. आणि सगळ्यांत दणकट म्हणजे कन्नडहून चाळीसगावला उतरणारा औट्रम घाट. जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव त्याला चिकटलंय, पण लोक त्याला कन्नड घाटच म्हणतात.

बाईक कलते म्हणून टिकते

वळणावर प्रत्येक गाडी बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. एसटीत उभं राहून प्रवास केलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. प्रश्न एवढाच, की गाडी या ढकलीला उत्तर काय देते.

बाईक उत्तर देते ती आतल्या बाजूला कलून. ढकल बाहेर, कल आत, दोन्हींचा तोल जमला की बाईक पडत नाही. किती कलावं लागेल हे वेग आणि वळण किती आवळलेलं आहे यावर ठरतं. 20 मीटर त्रिज्येचं वळण धरा, घाटातलं नेहमीचं. ताशी 30 किलोमीटरला बाईक साधारण 20 अंश कलते. ताशी 40 ला तोच कल 32 अंशांच्या आसपास जातो. वेग फक्त दहाने वाढला, पण बाहेरची ढकल पावणेदोन पटींहून जास्त झाली. कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. 'थोडासाच तर वेग वाढवला' हे वाक्य घाटात फसवं ठरतं ते इथे.

बाईक उलटत नाही, पण घसरते. तिची सगळी मदार टायरच्या दोन छोट्या ठशांवर, प्रत्येकी जेमतेम तळहाताएवढ्या. कोरड्या डांबरावर ही पकड 32 अंशांच्या कलाला पुरते. पण रस्ता ओला असेल, वर शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती सांडली असेल, तर तीच पकड अर्ध्यावर किंवा त्याहून खाली येते. मग ताशी 40 नाही, 30 सुद्धा जास्त होतात. मराठवाड्यातली काळी माती ओली झाली की साबणासारखी होते, हे शेतकऱ्याला माहीत असतं. शहरातून ट्रिपला निघालेल्याला ते वळणावर कळतं.

आणखी एक गंमत. बाईक चालवणारे सगळे जण एक गोष्ट करतात, पण बहुतेकांना ती करतोय हे माहीत नसतं. वेगात असताना डावीकडे वळायचं तर डाव्या हँडलला हलकंच पुढे दाबलं जातं. म्हणजे क्षणभर हँडल उजवीकडे वळतं, बाईक डावीकडे कलते, आणि मग डावीकडे वळते. उलटं वाटतं, पण तसंच घडतं. सरळ मोकळ्या रस्त्यावर सावध राहून अगदी हलका दाब देऊन बघितलं की लगेच जाणवतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, रिक्षाच्या वेळी ती उपयोगी पडेल.

रिक्षाचा त्रिकोण

रिक्षाचं हँडल बाईकसारखं दिसतं. क्लच डाव्या मुठीत, रेस उजव्या मुठीत. त्यामुळे बाईक येणाऱ्याला वाटतं रिक्षाही जमेल. सपाट रस्त्यावर जमतेही. घाटात मात्र ही दोन वाहनं एकमेकांच्या अगदी उलट वागतात. रिक्षात डावीकडे जायचं तर हँडल सरळ डावीकडेच वळवावं लागतं, आणि रिक्षा आत कलत नाही. उलट स्प्रिंगांवर बसलेली तिची बॉडी बाहेरच्या बाजूला झुकते.

बजाजची आरई रिक्षा साधारण 1.3 मीटर रुंद आणि 1.7 मीटर उंच आहे. पुढचं चाक आणि मागची चाकं यांच्यात अंतर 2 मीटर. रुंदीपेक्षा उंची जास्त, हा पहिला मुद्दा. पण खरी अडचण वेगळीच आहे. रिक्षाची तीन चाकं जमिनीवर जिथे टेकतात ते तीन बिंदू जोडले तर एक त्रिकोण होतो. मागे रुंद, पुढे निमुळता. गाडीचं वजन या त्रिकोणाच्या आत राहिलं तर गाडी उभी. बाहेर गेलं की आडवी.

थोडं गणित करून बघू, अवघड नाही. समजा मागच्या दोन चाकांमधलं अंतर 115 सेंटीमीटर आहे. इंजिन मागे आणि प्रवासीही मागे, त्यामुळे वजनाचा मध्य पुढच्या चाकापासून दोन तृतीयांश अंतरावर धरू. त्या जागी त्रिकोणाची रुंदी 115 नाही, फक्त 77 सेंटीमीटर भरते. म्हणजे मध्यापासून काठापर्यंत 38 सेंटीमीटर. वजनाचा मध्य जमिनीपासून 65 सेंटीमीटर उंच असेल, तर 20 मीटरच्या त्या वळणावर ही रिक्षा ताशी 38 किलोमीटरच्या आसपास आतलं चाक उचलते. हा हिशेब कागदावरचा. प्रत्यक्षात बॉडी बाहेर झुकते, त्यामुळे हद्द आणखी खाली असते.

आता त्यात ब्रेक घाला. वळणात शिरल्यावर घाबरून जोरात ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं. पुढे म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे. मघाशी 38 सेंटीमीटरचा आधार होता, तो 29-30 वर येतो. हद्द ताशी 38 वरून 34 च्या खाली घसरते. उतार असेल तर वजन आधीच पुढे झुकलेलं असतं. ड्रायव्हरच्या शेजारी एक पाय बाहेर काढून बसलेला जादा प्रवासी असेल, तर तोही वजन पुढेच नेतो. टपावर सामान बांधलं असेल, तर वजन वर जातं. ही चारही कारणं एकत्र आली, की ताशी 30 चा निरागस वेगही जास्त ठरू शकतो.

म्हणून जुने रिक्षावाले वळणाच्या आधी वेग मारतात, वळणात नाही. गिअर आधीच उतरवलेला असतो, आणि वळण अर्धं झालं की हलकीशी रेस देतात. पुस्तकातलं गणित त्यांनी केलेलं नसतं, पण वजन मागे, त्रिकोणाच्या रुंद बाजूला ठेवायचं, हेच ते करत असतात.

चढावर रिक्षाचा त्रास वेगळा. मागे इंजिन, मागे चार माणसं, त्यात रस्ता वर चढणारा. पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल वळवलं तरी रिक्षा थोडी उशिराच वळते. दौलताबादच्या घाटात भरलेली रिक्षा वळणावर रस्त्याच्या मधोमध आलेली दिसते, त्यामागे दर वेळी बेपर्वाईच असते असं नाही.

एक चाक वाढवलं तर काय होतं?

याचं उत्तर वाळूजमध्येच तयार आहे. बजाजने 2012 साली आरई 60 नावाची छोटी चारचाकी दाखवली. पुढे तीच क्यूट या नावाने आली. भारतात अशा गाड्यांसाठी नियमच नव्हते, त्यामुळे क्यूट आधी परदेशात गेली. 2018 मध्ये सरकारने 'क्वाड्रिसायकल' या वर्गाला परवानगी दिल्यावर 2019 मध्ये ती खासगी ग्राहकांसाठी देशात विकायला आली.

गंमत म्हणजे क्यूटची रुंदी रिक्षाएवढीच, साधारण 1.3 मीटर. उंचीतही फारसा फरक नाही. इंजिनही मागेच. पण चाकं चार असल्याने त्रिकोणाच्या जागी आयत येतो. वजन पुढे सरको की मागे, आधाराची रुंदी तेवढीच राहते. मघाचंच गणित चार चाकांवर केलं तर उलटण्याची हद्द ताशी 38 वरून 47 च्या आसपास जाते. आणि त्याआधीच, ताशी 42-43 ला, टायरची पकड सुटायला लागते. म्हणजे गाडी उलटण्याआधी घसरते. घसरणंही वाईटच, पण घसरताना टायर आवाज करतात, गाडी सूचना देते, ड्रायव्हरला एखादा क्षण मिळतो. उलटणारी रिक्षा तो क्षण देत नाही.

मग रुंद आणि चारचाकी गाडीच प्रत्येक डोंगरात चांगली का? तसंही नाही. गुलमर्गला गेलेल्यांनी स्नोमोबाईल पाहिली असेल, बर्फावर पळणारी. तिला पुढे दोन स्की आणि मागे रुंद पट्टा. म्हणजे रिक्षाचाच त्रिकोण, फक्त उलटा. पुढे रुंद आणि मागे एक आधार असल्याने ब्रेक मारताना वजन रुंद बाजूला जातं. तयार केलेल्या बर्फाच्या रस्त्यांवर चालणाऱ्या स्नोमोबाईलच्या दोन स्कींमध्ये साधारण 42 इंच अंतर असतं, वळणावर ती सपाट राहावी म्हणून. पण उंच डोंगरातल्या भुसभुशीत बर्फासाठी बनवलेल्या मॉडेलमध्ये हेच अंतर मुद्दाम कमी, 36 इंचांच्या आसपास ठेवतात. कारण तिथे तिरप्या उतारावरून आडवं जाताना चालवणाऱ्याला ती बाईकसारखी डोंगराच्या बाजूला कलवावी लागते. रुंद स्नोमोबाईल कलत नाही, ती उताराच्या दिशेने खाली घसरत जाते. रस्त्यावर जी रुंदी जीव वाचवते, ती तिथे अडचण होते.

बाईक बाईकमध्येही फरक

प्लॅटिना आणि डॉमिनार, दोन्ही बजाजच्याच. प्लॅटिनाचं वजन 120 किलोच्या आत-बाहेर, टायर सडपातळ, पुढचा 2.75 इंचाचा. डॉमिनार 400 चं वजन 190 किलोच्या पुढे, मागचा टायर 150 मिलिमीटर रुंद, आणि दोन चाकांमधलं अंतर जवळजवळ 1.45 मीटर.

अगदी आवळलेल्या वळणावर, ताशी 15-20 च्या वेगात, प्लॅटिना चटकन फिरते. हलकी आणि आखूड असल्याने चूक झाली तरी सावरता येते. डॉमिनार तिथे जड वाटते, वळायला जागा मागते, आणि थांबायची वेळ आली तर उतारावर पाय टेकून 190 किलो पेलावे लागतात. पण औट्रम घाटासारख्या लांब, मोठ्या वळणांवर चित्र पालटतं. लांब बाईक स्थिर राहते, रुंद टायर पकड सोडत नाहीत, जोरात गिअर उतरवला तरी तिचा स्लिपर क्लच मागचं चाक अडकू देत नाही. त्याच ठिकाणी प्लॅटिनावर डबलसीट बसून वेग वाढवला तर हँडल हलायला लागतं.

ब्रेकचं म्हणाल तर उतारावर वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. 'पुढचा ब्रेक मारलास तर तोंडावर पडशील' हा घरोघरी मिळणारा सल्ला अर्धवट आहे. वळणात कललेल्या बाईकवर झटक्यात मारला तर पडाल, हे खरं. सरळ असताना, वळणाच्या आधी, हळूहळू दाबत नेला तर तोच वाचवतो. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस यंत्रणा सक्तीची झाली. एबीएस चाक अडकू देत नाही. पण वळणात वेगच जास्त असेल तर तेही काही करू शकत नाही.

स्कूटरची चाकं 10 किंवा 12 इंचांची, बाईकची 17-18 इंचांची. जो खड्डा बाईक ओलांडून जाते, त्यात स्कूटरचं चाक उतरतं. कललेल्या अवस्थेत उतरलं तर विचारायलाच नको. जुन्या चेतकची तर आणखी तऱ्हा होती. तिचं इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला लटकलेलं, त्यामुळे ती उजवीकडे ओढायची. चेतकवाले जरा डावीकडे सरकून बसायचे.

चढापेक्षा उतार अवघड

घाट चढताना इंजिनची परीक्षा असते, उतरताना ब्रेकची. भरलेली रिक्षा 600 किलोच्या आसपास जाते. ती 200 मीटर खाली उतरली तर तिच्यातली जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती साधारण पावणेचार लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल एवढी असते. सगळी ब्रेकवर टाकली तर ब्रेकचे लायनर तेवढे तापतात. तापले की घासणं कमी होतं, पॅडल खाली जातं, आणि 'ब्रेक लागेना' अशी बोंब होते. ब्रेक तुटलेला नसतो, तो दमलेला असतो.

यावर जुना उपाय म्हणजे ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. रेस सोडलेली, गिअर पडलेला, इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढतं आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून घाट उतरणारे नेमकं हेच फुकटचं साधन फेकून देतात. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तर त्याने पेट्रोलही वाचत नाही. रेस सोडून गिअरमध्ये उतरताना इंजेक्शन इंधन बंदच करतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं.

गिअर नसलेल्या पेट्रोल स्कूटरवर ही सोय फार कमी. रेस सोडली आणि वेग ठरावीक पातळीखाली आला की तिचा क्लच आपोआप सुटतो, मग इंजिनचा चाकाशी संबंध राहत नाही. त्यामुळे स्कूटरवर दोघं-तिघं बसून लांब घाट उतरत असतील, तर ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा दाबायचा, वेग मारायचा, सोडायचा, असं करणं बरं. मधे दहा मिनिटं थांबायला जागा शोधणं त्याहून बरं. चहाची टपरी अशा वेळी ब्रेकच्याही कामाची असते.

अवजड गाड्यांत हाच तापण्याचा हिशेब कितीतरी पट मोठा होतो. औट्रम घाटातली कोंडी आणि अपघात यांचं प्रकरण शेवटी कोर्टात गेलं आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने या घाटातून जड वाहनांची वाहतूक बंद झाली. कारला यातलं फारसं जाणवत नाही. ती रुंद, बुटकी, आणि हल्लीच्या बऱ्याच कारमध्ये ईएससी म्हणजे घसरायला लागल्यावर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावणारी यंत्रणा असते. तिचा धोका असा, की आतल्या माणसाला वेग कळतच नाही. समोरून येणाऱ्या रिक्षाला तो कळतो.

कारण डावीकडच्या वळणावर रिक्षा बाहेर म्हणजे उजवीकडे जाते, थेट समोरच्या लेनमध्ये. ओव्हरटेक करणारी कार तिथेच असते. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाला लोक रात्रभर पायी खुलताबादला चाललेले असतात, तेव्हा या रस्त्याच्या कडेलाही जागा उरलेली नसते.

आणि बॅटरीची रिक्षा?

इलेक्ट्रिक रिक्षात वजनाची वाटणी सुधारते. बॅटरी सहसा खाली, सीटखाली किंवा फरशीजवळ असते, त्यामुळे वजनाचा मध्य खाली येतो. पण त्रिकोण तोच राहतो. उतारावर मोटर उलटं काम करून गाडी रोखते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते, म्हणजे गिअरमधल्या इंजिनचं काम मोटर करते. एक अट मात्र आहे. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर वीज ठेवायला जागा नसते आणि ही रोख कमी होते. म्हैसमाळसारख्या ठिकाणी वरच चार्जिंग करून शंभर टक्के बॅटरीने खाली निघालेल्या रिक्षाला पहिले काही किलोमीटर जवळजवळ सगळं काम ब्रेकवरच करावं लागतं. वर मुक्काम असेल तर चार्जर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर काढलेला बरा.